गच्चीतून ताटात: आपल्या पाककृतींच्या पुस्तकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडव्याच्या बैठकीत आपल्या गच्चीबाग गटानं पाककृतींचं पुस्तक करायचं ठरवलं. तेव्हापासून फोनवर, जिन्यात, कंपोस्टच्या पिंपाशेजारी उभं राहून तेच ते प्रश्न येतायत. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितेय. संकलनाचं काम माझ्याकडे आहे. इथं नसलेलं काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा.

आपण बागकाम करणारी माणसं. स्वयंपाकाचं पुस्तक कशाला?

याचं उत्तर ऋषीच्या भाजीत आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा जुना नेम. नांगरलेल्या शेतातलं काही नको. परसात हातानं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. गेल्या वर्षी कोथरूडच्या एका गच्चीवर आपण जमलो होतो, तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, की आपल्या गच्चीवरचं सगळंच या नेमात बसतं. खरंच आहे ते. कुंडीतल्या अळूला बैल कुठून लागणार!

त्या दिवशी आठ घरांतून आठ पातेली आली आणि एकीसारखी दुसरी भाजी नव्हती. रत्नागिरीकडच्या घरची ओल्या खोबऱ्यानं पांढुरकी दिसत होती, त्यात सुरणही होता. सदाशिव पेठेतल्या काकूंच्या भाजीत माठाचे देठ, पडवळ, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि आंबट चुका. एका घरी अंबाडी, एका घरी चिंचेचा कोळ. फोडणी घालायची की नाही यावरून अर्धा तास बोलणं चाललं. शेवटी पातेली रिकामी झाली आणि कुणाच्याच घरी यातलं काही लिहिलेलं नाही हे लक्षात आलं. आपण बियाणं जपून ठेवतो, डबीवर नाव आणि तारीख घालतो. त्या भाजीचं पुढं काय करायचं हे मात्र एखाद्या सासूबाईंच्या किंवा आजीच्या हातातच राहिलंय. ते कागदावर उतरवण्यासाठी हे पुस्तक.

कुठली पाककृती चालेल?

दोन अटी आहेत. पदार्थातला एक तरी महत्त्वाचा जिन्नस कुंडीत, वाफ्यात किंवा पिशवीत लावता येण्यासारखा हवा. आणि ही कृती कुठल्या गावची, कुणाकडून आली हे सांगता आलं पाहिजे.

पहिली अट वाटते तेवढी अडवणारी नाही. हळदीचं रोप लावलंत तर त्याच्या पानांत कोकणातले पातोळे होतात. कोथिंबिरीवर विदर्भाची सांभारवडी उभी आहे. अंबाडीची पानं असतील तर मराठवाड्यातली ज्वारीच्या कण्या घालून केलेली आणि वरून लसणाची फोडणी ओतलेली भाजी होते. वाघ्या घेवडा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा, आणि त्याची आमटी तिकडच्या माणसांच्या जिवाभावाची. शेवगा ड्रममध्ये लागतो. कढीपत्ता, गवती चहा, मिरची, लसणाची पात हे तर आपल्या प्रत्येकाकडे आहेच. लसणीच्या पातीची चटणी एवढी एकच गोष्ट पाठवलीत तरी चालेल.

फणसाचं सांदण मात्र नाही घेता येणार. मला ते फार आवडतं, पण गच्चीवर फणस लावा असं मी कुणाला सांगू शकत नाही.

माझी कृती अगदीच साधी आहे. पाठवू का?

हो, आणि आधी पाठवा. पुरणपोळी आणि मोदक सगळीकडे लिहिलेले सापडतात. आपोआप उगवलेली घोळ खुडून मुगाच्या डाळीत कशी शिजवायची, चाकवताचं गरगटं ताकात करताना ते फुटू नये म्हणून काय करायचं, हे लिहिलेलं सापडत नाही. अशाच कृतींची या पुस्तकाला गरज आहे.

कृती ‘अस्सल’ आहे की नाही हे कोण ठरवणार?

कुणीच नाही. ‘अस्सल वऱ्हाडी’, ‘पारंपरिक कोल्हापुरी’ अशी विशेषणं आपण शीर्षकात घालणार नाही. त्याऐवजी गाव आणि घर लिहायचं: ‘अंबाडीची भाजी, आईकडून, माहेर परभणी’. एकाच पदार्थाच्या तीन कृती आल्या आणि तिन्ही वेगळ्या असल्या तर तिन्ही शेजारी शेजारी छापू. वरणफळं, चकोल्या आणि चिखोल्या अशा तीन नावांनी आलेल्या कृती माझ्यासमोर आत्ता आहेत. पीठ मळण्यापासून फोडणीपर्यंत त्यांच्यात फरक आहेत आणि ते फरकच वाचण्यासारखे आहेत.

मापं कशी लिहायची? आमच्याकडे सगळं अंदाजानं असतं.

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेल्या महिन्यात सहकारनगरमधल्या आपल्या एका सदस्यांच्या आईंकडे मी अळूच्या फदफद्यासाठी गेले होते. वय ऐंशीच्या पुढं. त्यांना कृती सांगा म्हटलं तर त्या म्हणाल्या, “अगं, सांगायचंय काय त्यात? मूठभर डाळ, मूठभर दाणे, अळू घरात असेल तेवढं.” मग मी सांगायला लावणं सोडलं आणि त्यांना करायलाच सांगितलं. ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवला. त्यांनी हरभऱ्याची डाळ मुठीत घेतली की ती आधी काट्यावरच्या वाटीत, मग पातेल्यात. त्यांची मूठ पंचेचाळीस ग्रॅमची निघाली. माझी साठ. आठ पानं देठांसकट, देठ सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेले. चिंच लिंबाएवढी, भिजवायच्या आधी. गूळ सुपारीएवढा. बेसन दोन चमचे, पण ते कोरडं घालायचं नाही, थोड्या पाण्यात कालवून मग घोटायचं. फोडणीत मेथीदाणे लाल होईपर्यंत थांबायचं, काळे झाले तर फोडणी पुन्हा करायची. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं.

तर तुम्हीही हेच करा. तोंडी सांगू नका, एकदा करा आणि शेजारी कुणाला तरी मोजायला बसवा. वजनकाटा नसेल तर मी आणून देईन. तुमचे मूळ शब्द, म्हणजे ‘मूठभर’, ‘सुपारीएवढा’, तसेच ठेवू आणि पुढं ग्रॅममध्ये आकडा देऊ. दोन्ही हवेत. नुसता आकडा दिला तर त्या बाईंचा हात हरवतो, आणि नुसती मूठ दिली तर नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्या मुलाला काहीच कळत नाही.

वाटी म्हणजे आपल्या पुस्तकात १५० मिलि, मोठा चमचा १५ मिलि, लहान चमचा ५ मिलि. पण लक्षात ठेवा, वाटीभर तांदूळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि वाटीभर बेसन पाऊणशेच्या. म्हणून पिठांचं वजनच द्या.

जुनी वही असेल तर आणखी एक सावधगिरी. दशमान मापं आपल्याकडे १९५८ पासून लागू व्हायला लागली. त्याआधीच्या वहीतला वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. म्हणजे पावशेर २३३ ग्रॅमचा, आजच्यासारखा अडीचशेचा नाही. धान्य मात्र भरून मोजत: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापं गावागणिक कमी-जास्त होती. वहीत ‘चिपटं’ दिसलं तर स्वतः आकडा घालू नका, मला दाखवा. करून बघूनच ठरवू.

‘घरचा मसाला दोन चमचे’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. पुण्याच्या घरात घरचा मसाला म्हणजे बहुतेक वेळा गोडा: धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर. साताऱ्याकडच्या किंवा कोल्हापूरच्या घरात तो कांदा-लसूण मसाला. खानदेशात आणि मराठवाड्यात काळा मसाला. मालवणीचं आणखी वेगळं. अंबाडीच्या भाजीत काळ्याऐवजी गोडा घातला तर ती भाजी दुसऱ्याच गावाला जाते.

पुस्तकाच्या शेवटी मसाल्यांचा वेगळा विभाग आहे. तुमचा मसाला तिथं पूर्ण लिहा, किलोभराचा असला तरी. तो वर्षाचा करून ठेवत असाल तर कुठल्या महिन्यात करता, मिरची कुठली आणता, भाजताना तेल किती, आणि दळून आणता की कांडून, हेही लिहा. मिरची रविवार पेठेतून आणली की गावाकडून आली यानं रंग आणि तिखटपणा दोन्ही बदलतात. विकतचा मसाला वापरत असाल तर तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आमच्याकडचे शब्द ठेवायचे की पुणेरी करायचे?

ठेवायचे. याबाबतीत मी हट्टी आहे. नागपूरकडच्या ताईंनी ‘सांभार बारीक चिरून’ असं लिहिलं, तर मी ते खोडून ‘कोथिंबीर’ करणार नाही. पुण्यातला वाचक इडलीबरोबरचं सांबार समजू नये म्हणून समासात एक ओळ देईन, एवढंच. तिकडं कोहळं म्हणतात ते लाल भोपळ्याला, आणि पुण्यात कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा. इथं खुलासा न करून चालणारच नाही, कारण कोहळ्याचे बोंडं करायला बसलेला माणूस मंडईतून भलतंच फळ घेऊन येईल. फल्लीदाणे, कालवण, तोंडी लावणं, गरगटं, घोटणं, हाटणं हे सगळे शब्द जसेच्या तसे हवेत. मागं शब्दसूची देणार आहोत.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. ‘परतणे’ आणि ‘भाजणे’ एक नाही. ‘ठेचणे’, ‘कुटणे’, ‘वाटणे’ हे तर मुळीच एक नाही. मिक्सरमधून काढलेला ठेचा आणि दगडी खलात ठेचलेला ठेचा एका ताटात वाढून बघा.

मांसाहारी पदार्थ घेणार का?

घेणार. गटात सगळ्या प्रकारची घरं आहेत आणि पुस्तक सगळ्यांचं आहे. कुंडीची अट तीच. सुकट-वांगं, माठात घातलेला जवळा, शेवग्याच्या शेंगा घातलेलं मटणाचं कालवण हे आधीच आलेलं आहे. विभाग वेगळा करायचा नाही असं बैठकीत ठरलंय. पदार्थ भाजीच्या नावाखाली येतील. वांग्याच्या पानांवर भरीतही असेल आणि सुकट-वांगंही. पदार्थाच्या नावाशेजारी खूण असेल, म्हणजे ज्यांना वगळायचं त्यांना सोपं जाईल.

रानभाज्यांचं काय? पावसाळ्यात मुळशी, वेल्ह्याकडून आणलेल्या?

टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं यांच्या कृती येतायत आणि मला त्याचा आनंद आहे. पण इथं नियम कडक आहेत.

भाजी ओळखता येणाऱ्या माणसाकडूनच आलेली हवी आणि ते कृतीत लिहिलेलं हवं. फोटोवरून ओळखून खुडलेली भाजी या पुस्तकात येणार नाही. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं किंवा चिंच यांसारखा आंबट जिन्नस घालतात. ती पायरी ‘आवडीप्रमाणे’ नाही, आवश्यक आहे, आणि तशीच छापली जाईल. अळूचंही तेच. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, त्यानं खाज येते. भरपूर शिजवायचं आणि आंबट घालायचं हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. शिवाय बागेत शोभेसाठी लावलेली अळूसारख्या पानांची झाडं खायची नसतात. भाजीचा अळू, वडीचा काळ्या देठाचा अळू आणि शोभेचं झाड यांचे फोटो मी शेजारी शेजारी देणार आहे.

एक विनंती. फवारणी केलेल्या कुंडीतला पाला चाचणीच्या स्वयंपाकासाठी आणू नका. नीमतेल मारलं असलं तरी सांगा.

कृती छापण्याआधी कुणी करून बघणार का?

प्रत्येक कृती दुसऱ्या घरी होणार, आणि शक्यतो दुसऱ्या भागातल्या घरी. मला हा भाग पुस्तकाचा कणा वाटतो.

खानदेशी भरताची गोष्ट सांगते. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते मोठं, हिरवं, कमी बियांचं असतं. आपल्या भुसावळच्या दादांनी त्याचं बियाणं आणून ड्रममध्ये लावलं आणि कृती लिहून दिली. ती पुण्यात वाढलेल्या एका काकूंकडे करायला गेली. कागदावर लिहिलं होतं ‘वांगी भाजून, ठेचून’. काकूंनी गॅसवर भाजली, मिक्सरमधून फिरवली, दही आणि चिमूटभर साखर घातली, कारण त्यांच्याकडे भरीत म्हणजे तेच. भरीत चवदार होतं, पण ते खानदेशी नव्हतं.

चूक काकूंची नाही, कागदाची होती. दादांना पुन्हा विचारलं तेव्हा खरी कृती बाहेर आली. तिकडं वांगी तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचतात, मग कांद्याची पात, दाणे, तेल. दही नाही, साखर नाही. बरोबर कळण्याची भाकरी. हे सगळं त्यांच्यासाठी इतकं उघड होतं की लिहावं असं वाटलंच नाही. आता त्या पानावर ‘काड्या नसतील तर कोळशावर, तेही नसेल तर गॅसवर, पण साल पूर्ण काळी होईपर्यंत’ असं आहे, आणि बडगी नसेल तर खल.

म्हणून तुमच्या कागदावर करून बघणाऱ्यानं खुणा केल्या तर राग मानू नका.

पुस्तकातून किंवा व्हिडिओ बघून शिकलेली कृती देता येईल का?

जिन्नस आणि पद्धत कुणाच्या मालकीची नसते, पण लिहिलेले शब्द असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्या मजकुरावर हक्क राहतो. म्हणून छापील पुस्तकातला उतारा उतरवून देऊ नका, कुणाचा फोटोही नको. पुस्तकातून शिकून वीस वर्षांत तुमच्या घराची झालेली भाजी असेल, तर तुम्ही आज ती कशी करता ते तुमच्या शब्दांत लिहा आणि मूळ कुठून शिकलात तेही सांगा.

लिहून कशी पाठवायची?

हातानं लिहून, टाइप करून किंवा बोलून, कशीही. बोललेलं मी उतरवून घेते. टाइप करणार असाल तर मोबाइलवरचा साधा मराठी कीबोर्ड उत्तम. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं नको, ते बदलताना जोडाक्षरं तुटतात. ‘कैऱ्या’ आणि ‘वऱ्हाडी’ हे दोन शब्द मी प्रत्येक पानावर आधी तपासते.

फोटो?

सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून. रोजच्या ताटात वाढलेलं हवं, सजावट नको. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सहा इंच रुंद छापायला किमान १८०० पिक्सेल लागतात. आणि एक फोटो झाडाचाही घ्या.

नाव छापणार का?

तुम्ही सांगाल तसं. पत्ता, फोन छापणार नाही. ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव द्यायचं असेल तर घरच्यांना विचारून द्या.

पुस्तक कधी, केवढं?

पाडवा ते पाडवा असं पूर्ण वर्ष घेतलंय, कारण चाकवत, करडई थंडीत आणि अंबाडी, अळू पावसात. भोगीची मिसळीची भाजी आणि तिळाची बाजरीची भाकरी संक्रांतीच्या आदल्या दिवशीच करून बघायची आहे. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात होते, त्यामुळे १६० किंवा १७६ पानं. एखाद-दुसरं पान वाढवणं जमत नाही, म्हणून एका घरातून तीनच कृती.

आजीची वही आहे, पण नीट वाचता येत नाही. उपयोग होईल का?

होईल. नारायण पेठेतल्या एका सदस्यांनी अशीच वही आणली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती तळमजल्यावरच्या फडताळात होती. चिखल पुसून, उन्हात वाळवून त्यांच्या आजीनं ती परत वापरायला घेतली. पानांचा खालचा अर्धा भाग तपकिरी झालाय, शाई पसरलीय. भोपळ्याच्या घारग्यांचं पान उघडलं तर वर ‘भोपळ्याचा कीस दोन वाट्या, गूळ’ इथपर्यंत वाचता येतं आणि पुढं डाग.

आम्ही चारदा करून बघितले. पहिल्यांदा गूळ जास्त झाला, पुऱ्या तेलात विरघळल्यासारख्या झाल्या. दुसऱ्यांदा कणीक फार, घारगे कडक. तिसऱ्यांदा कीस गुळात शिजवून गार केला आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घातली, पाण्याचा थेंब न लावता. चौथ्यांदा थोडी तांदळाची पिठी घातली. त्या दिवशी सदस्यांच्या आत्या आल्या होत्या. त्यांनी एक घारगा खाल्ला, दुसरा हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, “खसखस राहिली. आई वरून खसखस लावायची.”

डागाखाली शेवटची ओळ खसखशीची असणार. पुस्तकात त्या वहीच्या पानाचा फोटो आणि शेजारी ही कृती येईल. तुमची वही अशी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते. जुन्या सुती कापडात गुंडाळून शनिवारी सकाळी घेऊन या.